केकी मूस यांच्या गावाजवळ राहून हौस जपताना

संपादक साहेब, नमस्कार.

आम्ही भुसावळ, जळगाव, चाळीसगावकडची आठ-दहा मंडळी, कुणी रेल्वेत, कुणी शिक्षक, एकाची केळीची बाग. मोबाईलवर ग्रुप आहे, त्यात रोज कुणीतरी काढलेला फोटो नाहीतर स्केच टाकतो आणि बाकीचे मनापासून सांगतात की उजेड कुठे कमी पडला, फ्रेममध्ये काय जास्त झालं. पैसा नाही, स्पर्धा नाही, फक्त हौस.

हिवाळ्यात पहाटे हातनूर धरणावर जातो, थंडीने बोटं आखडतात पण तापीच्या पाण्यावरनं बदकांचा थवा उठला की सगळं विसरायला होतं. उडता पक्षी टिपायचा तर शटर स्पीड, म्हणजे कॅमेऱ्याचा पडदा उघडा राहतो तो वेळ, एक हजारांश सेकंदाच्या आसपास लागतो, हे मला ग्रुपमधल्या एका ताईंनीच शिकवलं, त्याआधी माझे सगळे पक्षी धूसर यायचे.

आणि आपल्याकडे चाळीसगावला कलामहर्षी केकी मूस (१९१२-१९८९) होऊन गेले! या माणसाने वर्षानुवर्षं घराबाहेर न पडता टेबलावर साध्या वस्तू मांडून बर्फाळ डोंगर वाटावेत असे फोटो केले, टेबलटॉप म्हणतात त्याला, शिवाय चित्रं, शिल्पं वेगळीच. मी तिथं जाऊन आल्यावर घरी पीठ अन् काडक्या घेऊन बसलो, दोन रविवार गेले, पण एक फोटो जमला.

विनंती एवढीच की आपल्या खान्देश पानावर आठवड्यातून एकदा हौशी लोकांचा एक फोटो किंवा चित्र छापा. आम्ही पाठवत राहू.

एक वाचक, भुसावळ