सूज दिसायच्या आधी

प्रिय सुहास,

हत्तीरोगाच्या पाहणीसाठी तू वस्त्यांमध्ये जाणार हे वाचलं आणि लगेच लिहायला बसलो.

जाडजूड झालेले पाय शोधत फिरू नकोस. पाय तसा दिसतो तेव्हा फार वर्षं निघून गेलेली असतात. लागण बहुधा लहानपणीच होते. या रोगाचे जंत लसीकावाहिन्यांत, म्हणजे अंगात पाझरलेला द्रव परत वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांत, ६ ते ८ वर्षं जगतात. बहुतेकांना काही जाणवत नाही, आत वाहिन्या मात्र फुगून निकामी होत जातात.

म्हणून आधी विचार. थंडी वाजून ताप आला होता का? जांघेत अवधाण आलं होतं का? पाय लाल होऊन ठणकला होता का? काही दिवसांत सगळं ओसरतं, माणूस कामाला लागतो आणि विसरूनही जातो. पण असे झटके पुन्हा पुन्हा येतात आणि दर वेळी थोडी सूज मागे उरते. जांघेकडून खाली उतरणारी लाल, दुखरी रेघ दिसली तर बहुधा आतला जंत मेल्याने झालेला दाह असतो. त्याहून जास्त आढळतो तो जिवाणूंमुळे येणारा झटका, आणि पाय बिघडवतो तोच. तेव्हा बोटांच्या बेचक्या नीट उघडून पाहा. चिखल्या, भेगा, ओली कातडी, जिवाणू शिरतात ते इथूनच.

सुरुवातीची सूज संध्याकाळी घोट्याशी येते आणि रात्री झोपल्यावर उतरते. दाबलं की खड्डा पडतो. ही वेळ फार मोलाची आहे रे! साबणाने रोज पाय धुणं, बेचक्या कोरड्या ठेवणं, पाय उंच ठेवणं, एवढ्यानेही पुढचं बरंच टळतं. अशी सूज हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या दुखण्यातही येते, म्हणून डॉक्टरांकडे पाठवच.

पुरुषांना एकट्याला गाठून अंडवृद्धीबद्दल विचार. सुरुवातीला ती दुखत नाही, म्हणून लपवली जाते. शस्त्रक्रियेने ती बरी होते, हे आवर्जून सांग.

आणि रात्री घेतलेल्या रक्ताच्या तपासणीत जंतांची पिल्लं सापडली नाहीत म्हणून कुणाला ‘तुला रोग नाही’ असं सांगू नकोस. सूज आलेल्यांच्या रक्तात ती पुष्कळदा नसतातच.

तुझ्या प्रश्नावलीत ‘वर्षभरात तापाचा झटका आला का’ हा प्रश्न आहे ना? नसेल तर निघण्याआधी घालून घे, आणि मला कळव.

तुझा,
प्रदीप