पीकरक्षणाच्या बंदुकीची फाइल कुठे अडते?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मक्याला कणसे धरली, हरभऱ्याला घाटे लागले की यावल, रावेर, चोपडा, शिरपूर या पट्ट्यातून रानडुकरांच्या आणि रोह्यांच्या (नीलगायींच्या) नुकसानीच्या बातम्या येऊ लागतात. त्याच दिवसांत ‘बंदुकीचा परवाना द्या’ ही मागणीही जोर धरते. मागणी रास्त आहे आणि कायद्यात तिला जागाही आहे. पण अर्ज करणाऱ्याला पहिल्या दिवशी जे सांगायला हवे ते कोणी सांगत नाही. मग फाइल वर्षभर फिरते आणि पीक हातचे जाते. म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहोत.

पहिली चूक अर्जाच्या पहिल्याच ओळीत होते. रात्री मळ्यात जायचे, कमरेला लावता येईल असे काहीतरी हवे, म्हणून अनेक जण रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल मागतात. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १३ मध्ये पीकरक्षणासाठी नाव आहे ते ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायच्या, बंदुकीचे. ठासणीची पुरेशी नाही, अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री पटली तर निदान २० इंच नळीची, आतून गुळगुळीत नळी असलेली दुसरी बंदूक, म्हणजे आपली नेहमीची बारा बोअर, देता येते. रिव्हॉल्व्हर या तरतुदीत बसतच नाही. त्यासाठी ‘सबळ कारण’ वेगळे दाखवावे लागते आणि ते बहुधा जिवाला असलेल्या धोक्याचे असते, पिकाला असलेल्या नव्हे. शिवाय आखूड नळीच्या बत्तीस बोअर रिव्हॉल्व्हरने अंधारात डुक्कर जागेवर पडत नाही, जखमी होते. जखमी डुक्कर केळीच्या सरीत समोरून आले तर माणसाला पळायला वाट नसते. तेव्हा अर्जात स्पष्ट लिहावे: ‘पीकरक्षणासाठी बारा बोअर, एकनळी’. ठासणीची का चालणार नाही, याचेही कारण लिहावे. एक बार झाल्यावर ती पुन्हा भरायला वेळ लागतो आणि पावसाळी हवेत काळी दारू ओल धरून बार फुसका जातो. हे दोन मुद्दे पुरेसे आहेत.

अर्ज केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवर नमुना ए-१ मध्ये भरायचा. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत पोलीस आयुक्तालय नाही, त्यामुळे परवाना अधिकारी जिल्हाधिकारीच. वय २१ पूर्ण हवे. आधार, पॅन, रहिवासाचा पुरावा, फोटो, शारीरिक आणि मानसिक आरोग्याचा एस-३ नमुन्यातील दाखला, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आणि बंदूक घरात कुलपात ठेवण्याची हमी, एवढे कागद सगळ्यांनाच लागतात. शेतकऱ्याला त्यावर सातबारा आणि आठ-अ जोडावा लागतो. वनपट्टा असलेल्या आदिवासी शेतकऱ्याने वनहक्काचे प्रमाणपत्र जोडावे. जमीन थोडी आहे म्हणून कोणी हटकले तर कलम १४ दाखवावे. पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही.

खरी फाइल उभी राहते ती नुकसानीच्या पुराव्यावर, आणि तिथेच आपण कमी पडतो. वन्यप्राण्याने पीक खाल्ल्यापासून तीन दिवसांच्या आत वनविभागाकडे तक्रार नोंदवायची असते. भरपाई तुटपुंजी म्हणून बरेच जण त्या फंदात पडत नाहीत. पण परवाना मागताना गरज सिद्ध करणारा सर्वांत वजनदार कागद म्हणजे त्या तक्रारीवरून होणारा पंचनामाच. एका हंगामातले दोन-तीन पंचनामे जोडले की पोलीस ठाण्याच्या अहवालातही ‘गरज दिसून येते’ असे लिहायला आधार मिळतो. पंचनाम्यात गट क्रमांक, पीक, बाधित क्षेत्र आणि प्राण्याचे नाव आलेच पाहिजे. ‘वन्यप्राणी’ एवढाच शब्द आला तर कागद निम्मा वाया गेला. नाव ठरते मागे राहिलेल्या खुणांवरून. ओल्या सरीत डुकराच्या दोन खुरांच्या मागे, जरा बाहेरच्या बाजूला, दोन बारीक टोचे उमटतात. रोह्याचा ठसा मोठा, दोन फाकळ्यांचा असतो आणि त्याच्या लेंड्यांचा ढीग त्याच त्याच जागी साठलेला दिसतो. टिश्यू कल्चरच्या नव्या केळीत डुक्कर रोपाच्या बुडाशी नाक घालून कंद उकरते, रोही हरभऱ्याचे शेंडे खुडते. ठशाशेजारी काडेपेटी ठेवून फोटो काढावा, म्हणजे माप कळते.

आता सर्वांत अडचणीची गोष्ट. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या कलम ३४ प्रमाणे अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत नवीन शस्त्र परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची पूर्वसहमती लागते, आणि ते बसतात नागपूरला. खान्देशात यावल अभयारण्य, अनेर धरण अभयारण्य आणि चाळीसगावकडे पाटणादेवीचा गौताळा-औट्रमघाट, अशी तीन अभयारण्ये आहेत. डुकरांचा त्रास ज्या गावांना जास्त, तीच गावे नेमकी या १० किलोमीटरमध्ये येतात. अर्जदाराला हे माहीत नसते. पोलीस अहवाल येतो, तो अनुकूल असतो, आणि मग कोणाच्या तरी लक्षात येते की सहमतीचे पत्र गेलेलेच नाही. तिथून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. म्हणून अर्ज करण्यापूर्वीच वनक्षेत्रपाल कार्यालयातून आपल्या गटाचे अभयारण्याच्या हद्दीपासूनचे सरळ रेषेतले अंतर लेखी घ्यावे. रस्त्याचे किलोमीटर इथे उपयोगाचे नाहीत. अंतर १० किलोमीटरपेक्षा जास्त असेल तर तो कागद अर्जाला जोडावा, म्हणजे प्रश्नच मिटला. कमी असेल तर सहमतीचा प्रस्ताव पोलीस चौकशीबरोबरच पाठवावा, अशी विनंती अर्जातच करावी. पूर्वसहमतीची ही अट नव्या परवान्यांसाठी आहे; जुन्याच्या नूतनीकरणाला सहमती लागत नाही, २०२२ च्या दुरुस्तीनंतर मुख्य वन्यजीव रक्षकांना किंवा त्यांच्या अधिकृत अधिकाऱ्याला कळवावे मात्र लागते. हा फरकही अनेकदा पुसला जातो.

पोलीस अहवाल लांबला तर हात बांधून बसायचे कारण नाही. ठरलेल्या मुदतीत अहवाल आला नाही, तर त्याची वाट न पाहता परवाना अधिकाऱ्याला निर्णय घेता येतो, असे शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ मध्येच लिहिले आहे. नकार मिळाला तर कारणे लेखी मागून घ्यावीत आणि त्याच अधिनियमाच्या कलम १८ प्रमाणे लगेच अपील करावे.

परवाना हातात आला म्हणजे डुक्कर मारायची मोकळीक मिळाली, हा गैरसमज आम्हांला सर्वांत धोक्याचा वाटतो. शस्त्र परवाना फक्त बंदूक बाळगण्याचा असतो. प्राणी मारण्याची परवानगी वन्यजीव कायद्याच्या कलम ११ खाली वेगळी, लेखी घ्यावी लागते. रानडुक्कर आणि रोही २०२२ च्या दुरुस्तीनंतर अनुसूची दोनमध्ये आहेत. उभ्या पिकाला धोका असेल तर त्यांच्यासाठी अशी परवानगी मिळू शकते आणि अर्ज वनक्षेत्रपालांकडे द्यायचा असतो. अर्जाची पोच तारीख-वेळेसह घ्यावी. मारलेला प्राणी सरकारची मालमत्ता असतो. मांस वाटले की पीकरक्षण संपले आणि शिकारीचा गुन्हा सुरू झाला. बिबट्या आणि अस्वल अनुसूची एकमध्ये आहेत, त्यांच्या बाबतीत पिकाचे कारण चालत नाही. आणि परवाना असला तरी बंदूक घेऊन अभयारण्याच्या हद्दीत पाऊल टाकायचे नाही. त्याला वेगळी लेखी परवानगी लागते.

परवाना मिळत नाही म्हणून जे उपाय केले जातात ते याहून वाईट आहेत. मोटरसायकलीच्या क्लचची तार घ्यायची, कुंपणाला जिथे डुकरांची ये-जा असते त्या भगदाडात तिचा फास लावायचा आणि टोक बाभळीच्या बुंध्याला आवळायचे. डुकरासाठी लावलेल्या त्या फासात बिबट्या कमरेत अडकतो. जितका ओढतो तितकी तार आत रुतत जाते. फास किंवा सापळा लावणे हीसुद्धा कायद्याने शिकारच आहे. कुंपणात सोडलेल्या वीजप्रवाहाने शेजारचा शेतकरी किंवा पाणी भरणारा सालदार दगावतो, आणि खाद्यात ठेवलेल्या गावठी बॉम्बने गायीचा जबडा फुटतो. सातपुड्यापलीकडून आलेला गावठी कट्टा घरात सापडला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन आणि कमाल पाच वर्षे कैद आहे. एका हंगामाच्या पिकासाठी ही किंमत कोणी मोजू नये.

बंदूक आल्यावरच्या जबाबदारीबद्दलही बोलले पाहिजे. आपल्याकडे शेतीपंपाची लाइट काही दिवस रात्री असते. म्हणजे बार काढायच्या वेळी शेजारच्या शिवारात कोणीतरी बॅटरी घेऊन पाणी भरत असतो. केळीच्या बागेत दहा पावलांपुढचे दिसत नाही. एल.जी.चा, म्हणजे मोठ्या दाण्याचा, छर्रा पाने फाडत जातो आणि शे-दोनशे मीटरवरही माणसाला इजा करू शकतो. म्हणून बागेत आडवा बार कधीही काढू नये. मोकळ्या रानात, मचाणावरून, नळी जमिनीकडे झुकलेली असतानाच बार काढावा आणि त्याआधी आजूबाजूच्या मळेवाल्यांना फोनवर कळवावे. बहुतेक वेळा बाराच्या नुसत्या आवाजानेच कळप पांगतो. काडतुसे पत्र्याच्या घट्ट डब्यात, खतापासून आणि फवारणीच्या औषधांपासून दूर ठेवावीत. ओल लागून फुगलेले काडतूस नळीत जबरदस्तीने बसवू नये.

परवाना बापाच्या नावावर आणि बंदूक मुलाच्या हातात, हे चित्र गावोगावी दिसते. तो गुन्हा आहे. मुलाला रखवाली करायची असेल तर त्याने स्वतः परवाना काढावा. परवानाधारक वारला तर वारसांनी बंदूक माळ्यावर न ठेवता पोलीस ठाण्यात जमा करून पावती घ्यावी आणि मग वारसाचा अर्ज करावा. वरातीत हवेत बार काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. निवडणुकीत छाननी समितीने जमा करायला सांगितले तर बंदूक जमा करावी, पावती जपून ठेवावी. परवान्याची मुदत आता पाच वर्षे आहे. नूतनीकरणाचा अर्ज ती संपण्याच्या दोन महिने आधी द्यावा.

तिन्ही जिल्हाधिकारी कार्यालयांना आमची विनंती आहे. अभयारण्यांपासून १० किलोमीटरच्या आत येणाऱ्या गावांची यादी वनविभागाकडून घेऊन प्रत्येक तहसील कार्यालयात आणि ग्रामपंचायतीत लावावी. या गावांतून अर्ज आला की पोलीस अहवाल मागवणारे पत्र आणि सहमती मागणारे पत्र एकाच दिवशी निघावे, आणि दोन्हींचे जावक क्रमांक अर्जदाराच्या मोबाइलवर कळवावेत. रब्बीच्या पेरणीआधी ही यादी लागली, तर हरभरा घाट्यावर येईपर्यंत निदान फाइल कुठे आहे हे तरी शेतकऱ्याला कळेल.

आपले,
सातपुड्याच्या पायथ्याचे काही शेतकरी
(यावल-रावेर परिसर, जि. जळगाव)