बाबांच्या रूटवरून

फोंडा, गोवा
रविवार, सकाळी साडेसात

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून घाबरू नका. मी ठणठणीत आहे, गाडी ठणठणीत आहे, पेटीही. फोनवर बाबा "बरं बरं, घे, आईशी बोल" म्हणतात आणि आई "जेवलीस का"च्या पुढे जाऊ देत नाही. आज कार्यक्रम संध्याकाळी आहे, तोवर वेळच वेळ, म्हणून लॉजच्या गॅलरीत बसून लिहितेय.

आधी जेवणाचं सांगते, नाहीतर आईचं पुढे लक्षच लागायचं नाही. नऊ दिवसांत एकदाही उपाशी झोपलेले नाही. बसायच्या आधी नेहमीसारखा फक्त दहीभात, आणि कार्यक्रम संपला की आयोजकांपैकी कुणाच्या तरी घरी पंगत. कोल्हापुरात बाकीच्यांनी तांबडा-पांढरा ओरपला, मला त्या घरच्या काकूंनी वेगळं पिठलं टाकून दिलं. हुबळीच्या खानावळीत तर तुझीच आठवण काढत जेवले. ज्वारीच्या भाकरीला तिकडे रोट्टी म्हणतात. पातळ, पापुद्रा सुटलेली. भरल्या वांग्याला एण्णेगायी. शेंगाचटणी मात्र आपल्याकडची उचलून नेल्यासारखी, वर घट्ट दही. वाढणारा "इन्नोंदु, इन्नोंदु" करत पानात टाकतच राहतो, नको म्हणायला कानडी येत नाही, त्यामुळे चार भाकरी झाल्या. पण आपल्या मंगळवेढ्याच्या मालदांडीची गोडी त्या भाकरीला नाही हो. तुला बरं वाटावं म्हणून नाही लिहीत, खरंच नाही.

इथे फोंड्यात सकाळी पातळ भाजी, पाव आणि बन्स. बन्स म्हणजे पिकलं केळं मळून केलेली टम्म फुगलेली पुरी, तुला एकदा करून घालेन. झोपायला ताई, म्हणजे ज्यांच्या गाण्याला मी पेटीवर साथ करतेय त्या, आणि मी एका खोलीत, कडी आतून. गाडीत दुसरी सीट माझी, वहिनीनं दिलेली मानेची उशी रोज वापरते. झालं समाधान?

आता बाबा तुमच्यासाठी. निपाणीच्या पुढे आमचं मागचं टायर बसलं. ड्रायव्हरकाका जॅक लावत होते तेवढ्यात मी टॉमी, ती लोखंडी सळई, उचलली आणि उरलेल्या टायरांवर तुमच्यासारखी ठोकत फिरले. सुरांत दिवस काढणारी बाई, पण त्या आवाजातलं मला काडीचं कळलं नाही. तबलजी मात्र फार आदरानं बघत होते.

बेळगावचा स्टँड तुम्हाला ओळखू यायचा नाही, इतका बदललाय. गाडीच्या टपावर वळकटी टाकून झोपायची जागा कुठली, ते ठरवत मी तिथे पाच मिनिटं उभी होते. मग लक्षात आलं की किल्ला तिथून चालत जाण्याइतका जवळ आहे. आत कमल बस्ती आहे, 1204 सालचं जैन मंदिर, रट्ट राजांच्या काळातलं. मंडपाच्या छताला मधोमध दगडाचं भलंमोठं कमळ उलटं लोंबतंय, पाकळीच्या आत पाकळी. मान दुखेपर्यंत बघितलं. तुम्ही पाहिलंय का हो? मला वाटतं नाही. रात्री पोचायचं, पहाटे गाडी काढायची, तुम्ही बेळगावात पाहिलं ते फक्त कुंद्याचं दुकान, आणि तेही आमच्यासाठी. तुम्ही यायचात तेव्हा आम्ही झोपलेले असायचो. खाकी शर्टाचा डिझेलचा वास आधी यायचा आणि मग झोपेतच तोंडात कुंदा. दादा म्हणतो त्याला आठवत नाही. खोटं बोलतो, त्याला माझ्यापेक्षा मोठा घास मिळायचा.

त्याआधी मिरजेला आत्याचा तंबोरा दाखवला. हो, मीच माळ्यावरून काढून नेला, दिवाळीत. सतारमेकर गल्लीत एका बुजुर्गांच्या समोर ठेवला तर त्यांनी आधी भोपळ्यावर बोटांनी टिचक्या मारल्या आणि विचारलं, "कुठल्या तुम्ही?" पंढरपूर म्हटल्यावर हसले. म्हणे, मग हा तुमच्याच भीमाकाठचा, चांगले कडू भोपळे आम्ही तुमच्या बाजूनंच आणतो. मला एकदम चंद्रभागा आठवली. बाबा, माझ्या पाठीला सुका भोपळा बांधून तुम्ही पाण्यात सोडलं होतंत आणि मी "सोडू नका, सोडू नका" ओरडत होते, आणि तुम्ही कधीच सोडलेलं होतं.

मग त्यांनी जवारी लावली. घोडीच्या, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीच्या, माथ्यावर कानस अगदी अलगद, दोनदाच फिरवली, फुंकर मारली, तारेखाली सुताचा दोरा सरकवला आणि तो केसाकेसानं पुढेमागे करत राहिले. तार नुसती 'टण्' वाजत होती. एका जागी दोरा आला आणि आवाज असा उघडला की गल्लीतून चाललेला सायकलवाला थांबला. खर्जाची पितळी तार तर अजून कानात आहे. भेग बुजवायला तंबोरा तिथेच ठेवलाय, महिन्याभरात मिळेल. आत्याला सांगा. ती रडेल, तिच्याजवळ बसून सांगा.

कुंदगोळलाही जाऊन आलो, हुबळीपासून तासाभराचंही अंतर नाही. सवाई गंधर्वांचं गाव. भीमसेनजी कोवळ्या वयात इथेच गुरूच्या घरी राहिले, आणि गंगूबाई हनगल हुबळीहून आगगाडीनं शिकायला येत. रेडिओवर गंगूबाई लागल्या की आपली आजी "हा कोण गं बुवा?" विचारायची ना, तेच आठवून मी नाडगीर वाड्यात एकटीच हसत होते. गंगूबाईंनी रोज गाडीनं यायचं, शिकायचं, परत जायचं, घरचं बघायचं. ताई म्हणाल्या, चला आता, ऊन चढलं. मी मात्र तिथून हलायला जरा वेळ घेतला.

येताना धारवाडला लाइन बाजारात पेढ्यांच्या रांगेत उभी राहिले. तांबूस, खरपूस भाजलेले, वरून साखर. काउंटरवरच्या मुलानं किती म्हणून विचारलं आणि मला आईचे पेढे आठवले. आई, दिवाळीत तू माझ्या प्रमोशनचे पेढे अख्ख्या वाड्यात वाटलेस. मी तेव्हाच सांगणार होते. तू ताट घेऊन जिन्यावरून उतरत होतीस, गुडघा धरून, आणि माझी जीभ उचलली नाही.

30 नोव्हेंबरला मी नोकरी सोडली. ही रजा नाही.

बाबा, आता उठून फेऱ्या मारू नका, वाचा. फ्लॅटचा शेवटचा हप्ता जूनमध्येच फिटला. पीएफला हात लावलेला नाही, वर्षभराचा खर्च एफडीत वेगळा ठेवलाय. मेडिक्लेम तुमच्या दोघांचा आणि माझा चालू आहे, हप्ता भरून टाकलाय. आईच्या गोळ्यांचे पैसे पाच तारखेला येतात तसे येतील, या महिन्यातही आले की नाही? बुधवार-शनिवारी पेटीच्या शिकवण्या आहेत, सोळा मुलं. ताईंनी आधी विचारलं होतं तेव्हा मी तीनदा नाही म्हटलं, चौथ्यांदा त्या विचारणार नव्हत्या. ऑफिसात कुणी वाईट नव्हतं, माझ्यावर अन्याय वगैरे झाला नाही. फक्त दुपारी तीन वाजता एक्सेल उघडलं की बोटं टेबलावर आपोआप काळी पाचच्या पट्टीत पेटी वाजवत राहायची. हे कारण तुम्हाला पोरकट वाटेल. मलाही लिहिताना वाटतंय. पण दुसरं नाही.

बाबा, तुम्ही दहा तास गाडी हाकून आल्यावर मला पेटीच्या क्लासला पोचवायचात, ते मी बँकेच्या परीक्षेत पास व्हावं म्हणून नसेल ना? असेलही. रागावला असाल तर फोनवर ओरडा, पण "बरं बरं" म्हणू नका. तुमच्यापासून लपवलं, त्याचं मला वाईट वाटतंय. सोडली त्याचं नाही.

आणि आता दोघांनी नीट ऐका. बाबांनी बीपीची गोळी सकाळी चहाआधी घ्यायची, पेपर वाचून झाल्यावर नाही. मोतीबिंदूच्या तपासणीला बुधवारी दादासोबत जायचं, रिक्षानं, स्कूटर अजिबात काढायची नाही. आईनं स्टुलावर चढून डबे काढायचे नाहीत. वरचं सगळं मी आल्यावर खाली घेणार आहे. न्हाणीतली रबरी चटई गुंडाळून ठेवलीय म्हणे, ती आजच अंथरा. पाहुण्यांसाठी नाही आणली, तुमच्यासाठी आणली. संध्याकाळी आईबरोबर प्रदक्षिणा मार्गावर एक फेरी, गुडघा दुखला तर अर्धी. आणि आई, शेजारच्यांना लगेच काही सांगायची गरज नाही. सांगावंसं वाटलंच तर सांग, मुलगी गोव्यात आहे.

परवा सावंतवाडी, मग रत्नागिरी, चिपळूण, आणि तिथून मी पुण्याला न जाता सरळ पंढरपूरला येतेय. चार दिवस राहीन. पिठलं-भाकरी, आणखी काही करू नकोस.

एक ठरवून टाकलंय, विचारत नाहीये. मे महिन्यात तुम्हाला दोघांना इकडे आणणार. सांगे तालुक्यात गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं कुर्डी गाव साळावली धरणात बुडालंय. आता पाण्याखाली आहे, पण उन्हाळ्यात पाणी उतरलं की घरांचे चौथरे आणि सोमेश्वराचं देऊळ वर येतं. आईला ते बघायचंय, मला माहीत आहे, टीव्हीवर दाखवलं तेव्हा भाजी करपली होती. जाताना बेळगावला थांबू. बाबांना पुढची सीट. ड्रायव्हरला गिअर कधी बदलायचा ते सांगायचं नाही.

तुमची
छोटी

ता. क. पेढ्यांचे दोन खोके ताईंच्या भाच्याबरोबर पाठवतेय, तो मंगळवारी सोलापूरला जाताना देऊन जाईल. आईनं दिवसाला एकच. मी मोजलेत, एका खोक्यात अठरा आहेत.