काढलेला तीळ जातो कुठे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुळशीची लग्नं लागली की आपल्या पुरवण्यांतही जाहिराती सुरू होतात : ‘तीळ, मस, चामखीळ काढा. टाके नाहीत, डाग नाही, पंधरा मिनिटांत घरी.’ यातलं प्रत्येक आश्वासन एखाद्या तिळापुरतं खरं असू शकतं. पण काढलेल्या तिळाचं पुढे काय होतं, ते एकाही जाहिरातीत नसतं. तो तपासणीसाठी फॉर्मॅलिनच्या, म्हणजे तुकडा टिकवणाऱ्या द्रावणाच्या, बाटलीत जातो, जैविक कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जातो, की लेझरच्या धुरात? खासगी क्लिनिकच्या खुर्चीत बसण्याआधी विचारायचा पहिला प्रश्न हा आहे. किती पैसे लागतील हा दुसरा.

मुळात ‘तीळ’ म्हणून लोक जे दाखवतात ते पुष्कळदा तीळ नसतंच. मानेवर लोंबणारी मऊ चामखीळ, वयाबरोबर गालावर वाढत जाणारे काळे बारीक दाणे, पाठीवर चिकटवल्यासारखा दिसणारा खरखरीत तपकिरी चट्टा, या गोष्टी निरुपद्रवी असतात. निदान पक्कं असेल तर त्या कॉटरीनं, म्हणजे विजेच्या तापत्या टोकानं, जाळल्या तरी हरकत नाही. खरा तीळ म्हणजे मेलॅनोसाइट या रंगपेशींचे पुंजके. ते त्वचेच्या दोन थरांच्या सीमेवर असले की तीळ सपाट आणि गडद दिसतो. खाली उतरले की तो फुगतो, फिकटतो, त्यावर केसही येतो. ही उतरण वर्षानुवर्षं चालते. मसावर केस आला म्हणून घाबरायचं कारण नाही.

घाबरायचं नसलं तरी थांबायचं कुठे, याचा एक नमुना चेहऱ्यावरच असतो. डोळ्याखाली किंवा नाकाच्या कडेला एक काळसर, चकचकीत गाठ येते. कडेला मोत्यांसारखे दाणे असतात, मधे खपली धरते, सुटते, पुन्हा धरते. गोऱ्या त्वचेत गुलाबी दिसणारा बेसल सेल कार्सिनोमा आपल्याकडे बरेचदा असा काळा असतो आणि ‘मस’ म्हणून जाळला जातो. हा कर्करोग सहसा पसरत नाही, पण वरचं टोक जाळलं तरी खालचा पसारा तसाच राहतो आणि व्रणाखाली वाढत जातो.

म्हणून काढण्याआधी तपासणी. चांगल्या क्लिनिकमध्ये डॉक्टर तीळ नुसता बघून ‘काढून टाकू’ म्हणत नाहीत. कधीपासून आहे, गेल्या सहा महिन्यांत बदलला का, खाजतो का, आपोआप रक्त येतं का, हे विचारतात. बाकीची त्वचाही बघतात, तळपाय आणि नखांसकट. मग डर्मोस्कोप लावतात. हे साधारण दहा पट मोठं दाखवणारं भिंग असतं आणि त्यातला ध्रुवित प्रकाश त्वचेवरची चकाकी घालवून आतला रंग दाखवतो. दोन मिनिटांचं काम आहे, दुखत नाही. ज्या ठिकाणी रंगीत तीळ डर्मोस्कोपशिवाय काढतात तिथून उठून आलं तरी चालेल.

मेलॅनोमा, म्हणजे रंगपेशींचा कर्करोग, ओळखायच्या खुणा पाच : दोन अर्धे एकमेकांशी न जुळणं, वेडीवाकडी कड, एकाच तिळात तीन-चार रंग, ६ मिलिमीटरपेक्षा मोठा आकार, आणि बदल. पहिल्या चार खुणा १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी मांडल्या, त्याही मुख्यतः गोऱ्या त्वचेवरून. आपल्याकडे मेलॅनोमा दुर्मीळ आहे, पण होतो तेव्हा त्याच्या आवडत्या जागा तळपाय, तळहात आणि नखाखाली असतात. तिथे उन्हाचा संबंध नसतो आणि आरशात बघूनही काही दिसत नाही. गायक बॉब मार्ली यांच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली १९७७ मध्ये हाच प्रकार सापडला. १९८१ मध्ये, वयाच्या ३६व्या वर्षी, ते गेले.

तळव्याची त्वचा डर्मोस्कोपखाली थेट शेतासारखी दिसते : सरी आणि वरंबे. वरंब्यावर घामाच्या छिद्रांचे पांढरे ठिपके एका रांगेत असतात, त्यावरून वरंबा कुठला ते कळतं. साध्या तिळाचा रंग सरीत बसतो, पाणी सोडल्यासारखा. मेलॅनोमाचा रंग वरंब्यावर चढतो. हा एवढा फरक ओळखता आला तर तळव्यावरचे बहुतेक तीळ न कापता सोडून देता येतात, आणि जो कापायलाच हवा तो हुकत नाही.

तळव्यावरचा मेलॅनोमा हुकतो तो बहुतेक वेळा ‘कुरूप’ किंवा ‘भोवरी’ समजून. कधी त्याला रंगच नसतो. गुलाबी, ओलसर, न भरणारी जखम एवढंच दिसतं, आणि रुग्णाला मधुमेह असला तर सगळा दोष साखरेवर जातो. कुरूप ब्लेडने तासलं की मधे कडक पारदर्शक दाणा दिसतो. बुटाच्या घर्षणानं साकळलेलं रक्त तासल्यावर निघून जातं. यातलं काहीच न दिसता डाग तसाच राहिला, किंवा महिनाभर कॉर्न कॅप (कुरुपाची औषधी पट्टी) लावूनही जागा भरली नाही, तर तुकडा तपासायला पाठवायचा. नखांचंही तसंच. आपल्या रंगाच्या माणसांत अनेक नखांवर काळसर उभ्या रेघा असणं साधी गोष्ट आहे. एकाच नखावर रेघ असेल, ती रुंदावत असेल, रंग नखामागच्या कातडीवर उतरला असेल, तर उशीर करू नये.

आता काढणं. फुगीर, मऊ, निरुपद्रवी मस त्वचेच्या पातळीला ब्लेडने तासून काढता येतो. टाका लागत नाही, पण मूळ राहिलं तर तो परत उगवतो. लहान तीळ ३ ते ६ मिलिमीटरच्या पंचने, म्हणजे गोल पात्यानं, निघतो, एखाद-दुसरा टाका लागतो. संशय असेल तिथे मात्र तासणं नको. तीळ पूर्ण, खालच्या चरबीसह, दोन मिलिमीटर चांगली कातडी कडेला धरून अंडाकृती छेदानं काढायचा. इथे रुग्णाचा नेहमीचा सवाल : तीळ मसुराएवढा आणि व्रण एवढा लांब का? हिशेब सोपा आहे. ६ मिलिमीटरचा तीळ आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन मिलिमीटर, म्हणजे रुंदी दहा. छेदाची लांबी रुंदीच्या तिप्पट ठेवावी लागते, नाहीतर टोकांना कातडीच्या चुण्या उभ्या राहतात. झाले तीन सेंटिमीटर. चेहऱ्यावर हा छेद सुरकुत्यांच्या रेषेत घेतला तर वर्षभरात शोधावा लागतो. छातीच्या मध्यभागी आणि खांद्यावर तो कितीही सुबक घेतला तरी केलॉइड, म्हणजे उंच वाढलेला व्रण, येऊ शकतो. केवळ दिसण्यासाठी त्या जागेचा तीळ न काढलेलाच बरा.

भुलीसाठी २ टक्के लिग्नोकेन, चेहऱ्यावरच्या तिळाला अर्धा ते एक मिली पुरतं. सुई जाताना दहा-पंधरा सेकंद चुरचुरतं. त्यात ॲड्रेनलिन असेल तर सात-आठ मिनिटं थांबून मग कापतात, रक्त कमी येतं. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील, हृदयात पेसमेकर असेल, गावठी किंवा होमिओपॅथी काहीही चालू असेल तर आधी सांगावं. ॲस्पिरिन मनानंच बंद करून येऊ नये. टाके चेहऱ्यावरचे पाच ते सात दिवसांनी, अंगावरचे दहा ते चौदा, पायावरचे दोन आठवड्यांनी. जखमेवर व्हॅसलिनचा पातळ थर पुरतो. हळद नको. पहिले दोन दिवस जागा कोरडी ठेवावी, आणि रक्त आलं तर दर मिनिटाला उचलून न बघता दहा मिनिटं सलग दाबून धरावं. व्रणाचा लालसरपणा उतरायला काही महिने जातात. लग्न मार्गशीर्षात असेल तर कार्तिकात येऊन उपयोग नाही.

लेझरबद्दल थोडं सविस्तर, कारण तक्रार तिथेच आहे. लेझर किंवा रेडिओ कॉटरी वाईट नाही. पण तीळ जाळला की तपासायला काही उरत नाही. शिवाय रंगपेशी खोल असल्या तर वरचा थर जातो, खालच्या राहतात, आणि काही महिन्यांनी व्रणातून वेडावाकडा, काळा-तपकिरी रंग फुटतो. त्याचा तुकडा तपासायला घेतला तर तो सूक्ष्मदर्शकाखाली मेलॅनोमासारखाच दिसू शकतो. पॅथॉलॉजिस्टला मूळ तीळ कसा होता हे कुठूनच कळत नाही, आणि साधा तीळ असलेला माणूस कर्करोगाच्या भीतीत महिना काढतो. उलटही होतं. पहिला तीळच मेलॅनोमा असतो आणि लेझरनं फक्त त्याचं टोपण उडवलेलं असतं. चुना-सोड्याचा लेप, बिब्बा, पार्लरमधलं ॲसिड, चामखिळीला बांधलेला घोड्याचा केस, यांचंही तेच, वर भाजल्याचा डाग.

‘लोखंड लागलं की तीळ पसरतो’ ही समजूत बहुधा यातूनच आली असावी. ब्लेडमुळे कर्करोग होत नाही. जो परत आला तो आधीपासून होता, आणि त्या वेळी तो कोणी तपासला नव्हता.

तपासणीला पाठवतानाही चुका होतात. तुकडा १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये, त्याच्या किमान दहा पट द्रावणात हवा. सलाइन किंवा स्पिरिट चालत नाही. इंजेक्शनच्या रिकाम्या अरुंद बाटलीत तो आत मऊ जातो, कडक होतो आणि बाहेर निघत नाही. नावाची चिठ्ठी बाटलीच्या अंगावर हवी, झाकणावर नको, कारण झाकणं बदलतात. दोन तीळ असतील तर दोन बाटल्या. कागदावर नुसतं ‘स्किन बायॉप्सी’ लिहून भागत नाही. वय, जागा, किती दिवसांपासून, पूर्ण काढला की तुकडा, आधी लेझर झाला का, हे सगळं हवं.

रिपोर्टमध्ये निदान आणि काढलेल्या तुकड्याच्या कडा रोगापासून मोकळ्या आहेत का, हे दोन्ही बघावं. मेलॅनोमा असेल तर त्याची खोली मिलिमीटरमध्ये लिहिलेली असते आणि पुढचं सगळं त्या आकड्यावर ठरतं. एक मिलिमीटरपर्यंत असेल तर भोवतालची साधारण एक सेंटिमीटर त्वचा काढतात, दोनच्या पुढे असेल तर दोन. ०.८ मिलिमीटरच्या पुढे, कर्करोग पसरताना जिथे आधी पोचतो त्या पहिल्या लसिका-गाठीच्या तपासणीचाही विचार होतो. तीळ अर्धवट तासलेला असेल तर ही खोली मोजताच येत नाही.

पैशांचं म्हणाल तर तपासणी, डर्मोस्कोपी, शस्त्रक्रिया आणि पॅथॉलॉजी यांचे आकडे वेगवेगळे मागावेत. ‘पॅकेज’मध्ये शेवटचा आकडा बहुधा नसतो. विमा कंपन्या सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेचा खर्च देत नाहीत, तेव्हा वैद्यकीय कारण असेल तर ते डॉक्टरांकडून आधीच लेखी घ्यावं. आणि कापणाऱ्याची पदवी व महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर आहे का, तेही पाहावं.

रिपोर्ट क्लिनिकच्या फाइलमध्ये पडून राहणं हा प्रकार सर्रास आहे. ‘काही असतं तर फोन आला असता’ असं रुग्ण धरून चालतो. फोन न येण्याचा अर्थ रिपोर्ट अजून आलाच नाही, असाही असू शकतो. टाके काढायच्या दिवशी तो हातात मागून घ्यावा आणि त्यावरचा ब्लॉक क्रमांक, म्हणजे तुकडा ज्या मेणाच्या ठोकळ्यात जपतात त्याचा क्रमांक, जपून ठेवावा. दोन वर्षांनी त्याच व्रणात काळा ठिपका दिसला तर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेली जुनी काच त्या क्रमांकावरूनच शोधतात.

आपले,
एक त्वचारोगतज्ज्ञ व एक पॅथॉलॉजिस्ट, पुणे