आमची गाळ दूध देते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला अहिराणीवरचा लेख वाचला. लेखक विद्वान दिसतात, म्हणून आदर राखून विचारतो: खानदेशी जिभेला ळ पेलत नाही, हे त्यांनी कोणाच्या तोंडात डोकावून ठरवलं?

डोळ्याला आम्ही डोया म्हणतो, काळ्याला काया, धुळ्याला धुये. यात आळस नाही, नियम आहे. इतका पक्का की उलटा हिशेबही करता येतो, आणि तोच मला भोवला. सहावीत मला नाशिकच्या शाळेत घातलं. पहिल्याच आठवड्यात 'शाया' म्हणालो आणि वर्ग हसला. त्या दिवसापासून तोंडात आलेल्या प्रत्येक य चा मी संशय घेऊ लागलो. निबंध वाचायची पाळी आली तेव्हा उभा राहून खणखणीत वाचलं, 'आमची गाळ दूध देते. तिला चार पाळ आहेत.' गुरुजींनी डस्टर खाली ठेवलं आणि तेच आधी हसले. दहावीपर्यंत माझं नाव गाळ. म्हणजे ळ मला येत होता साहेब, जरा जास्तच येत होता.

टिळकांचं 'तिलक' करणाऱ्या हिंदीवाल्यांची जीभ कोणी तपासत नाही. ऋग्वेद 'अग्निमीळे'ने सुरू होतो, पण कालिदासाच्या संस्कृतात ळ नाही. त्यालाही साक्रीचा म्हणायचं का? आणि 'आहे'ला आम्ही 'शे' म्हणतो, तो कुठला उच्चारदोष? भारतातल्या भाषांचं सर्वेक्षण करणाऱ्या ग्रियर्सनने १९०७ साली खानदेशीला, म्हणजे आमच्या अहिराणीला, मराठीच्या खंडात न बसवता भिल्ली भाषांच्या खंडात बसवलं. ते पटो न पटो, निदान त्याने आधी ऐकून घेतलं होतं.

जाता जाता, लेखासोबत बहिणाबाईंचा फोटो कशासाठी? त्या असोद्याच्या, त्यांची बोली लेवा गणबोली. तिथेही ळ चा य होतो, तेवढ्यावरून फोटो लावणाऱ्याने दोन्ही बोली एकाच पोत्यात भरल्या असाव्यात. जळगावकडून पत्रं आलीच असतील.

आपला,
एक निवृत्त तलाठी, साक्री (जि. धुळे)

ता. क. या पत्रातले डोया, काया, धुये मुद्रितशोधकांनी कृपया शुद्ध करू नयेत. मागच्या पत्रात केले होते, आणि 'डोळ्याला आम्ही डोळा म्हणतो' असं माझ्या नावाने छापून आलं होतं.