पक्या, तुझा फोन झाल्यापासून

प्रिय पक्या,

परवा तुझा फोन झाला नी नंतर बराच वेळ डोक्यात तेच चालू राहिलं. तू म्हणालास सगळं आहे रे, वाकडला फ्लॅट आहे, पोरगी हुशार आहे, पगार वेळेवर येतोय, तब्येतीचीही काळजी घेतोय, पण सकाळी उठलं की आपण कशासाठी उठलोय तेच कळत नाही. मी फोनवर नुसतं हं हं करत राहिलो, कारण असल्या गोष्टीला तिथल्या तिथे उत्तर द्यायचं म्हणजे काहीतरी गुळगुळीत बोलणं आलं आणि तुझ्याशी ते मला करायचं नव्हतं. म्हणून आता बसून लिहितोय. लांबलं तर लांबू दे.

तू बोलता बोलता सगळ्या सवयी सांगितल्यास बघ, पहाटे पाचला उठणं, घड्याळात १०,००० पावलं पुरी करणं, ध्यानाचं ॲप, त्यातली स्ट्रीक, म्हणजे सलग दिवसांची मोजणी, तुटू न देणं, आणि आता ते २१ दिवसांचं चॅलेंज, ते संपलं की पुढचं. ऐकताना मला एकच वाटत होतं की यातलं पक्याने स्वतः काय ठरवलंय? त्या १०,००० चं घे. १९६५ च्या सुमारास जपानमधल्या एका कंपनीने पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं, त्याचं नावच दहा हजार पावलांवरून ठेवलं होतं, तिथून तो आकडा जगभर गेला. चालणं चांगलंच आहे, त्यात वाद नाही, पण आकडा आधी आला नी अभ्यास नंतर झाले. २१ दिवसांचंही तसंच. मॅक्सवेल माल्ट्झ म्हणून अमेरिकेत एक प्लॅस्टिक सर्जन होते, त्यांनी १९६० मध्ये लिहिलं की ऑपरेशननंतर पेशंटला आपला नवा चेहरा आपला वाटायला निदान २१ दिवस तरी लागतात. लोकांनी त्यातलं 'निदान' सोडून दिलं, चेहराही सोडून दिला आणि पहाटे उठण्यापासून साखर सोडण्यापर्यंत सगळ्याला २१ दिवस चिकटवले.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सोबतच्यांनी हे खरंच मोजून बघितलं, २००९ मध्ये ते छापून आलं. ९६ लोक, प्रत्येकाने एकच साधी गोष्ट निवडायची, रोजच्या एखाद्या ठरलेल्या वेळेला बांधून करायची, म्हणजे नाश्त्यानंतर अमुक, जेवणाआधी तमुक, आणि १२ आठवडे रोज नोंद ठेवायची. ती गोष्ट आपोआप व्हायला लागायला साधारण ६६ दिवस लागतात असं निघालं, पण माणसामाणसात फरक केवढा तर कुणाला १८ दिवस, कुणाचा हिशोब २५४ दिवसांपर्यंत गेला. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हे की मधे एखादा दिवस चुकला तर फारसं काही बिघडत नव्हतं. तू मला सांगत होतास की पोरीला ताप होता त्या रात्री तुझी स्ट्रीक तुटली आणि तुला दोन दिवस वाईट वाटत राहिलं. पोरीच्या उशाशी बसला होतास ना रे तू, मग वाईट कशाचं?

हा अभ्यास वाचल्यावर मला आमची आजी आठवली. तुला आठवत असेल, शुक्रवार पेठेतल्या वाड्यात तुळशीपाशी रांगोळी घेऊन बसलेली असायची. चातुर्मासात तिचा काही ना काही नेम असायचाच, आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत. तू बघितलीस ती गोपद्मं, म्हणजे रांगोळीने काढलेली गायीची पावलं, रोज ३३ काढायची, पाच वर्षं ओळीने, मग उद्यापन. एरवी कधी एकभुक्त, कधी मौनाने जेवण, आणि ते श्रावणात पालेभाजी नाही, भाद्रपदात दही नाही, अश्विनात दूध नाही, कार्तिकात डाळी नाहीत, हे तर तिचं पाठच होतं. या वर्षी काय धरलंय ते कुणाला सांगायची नाही, ताटात एखादा पदार्थ नको म्हणाली की मग आम्हाला कळायचं. एखादा दिवस राहिला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट गोपद्मं काढायची आणि विषय संपला. लंडनच्या त्या अभ्यासात जे निघालं ते तिला कुणी न सांगता माहीत होतं.

मी काही आजीइतका देवाधर्माचा नाही हे तुला माहितीय. पण या नेमाची जी घडण आहे ना, ती मला फार विचारपूर्वक केलेली वाटते. एक म्हणजे नेम स्वतः निवडायचा, झेपेल तेवढाच, कुणी वरून दिलेला नाही. दुसरं म्हणजे त्याला शेवट आहे. चार महिने, फार तर मधे अधिक महिना आला तर पाच, २०२३ ला अधिक श्रावण होता तेव्हा पाच झाले होते. शेवटी उद्यापन करायचं, कुणाला तरी जेवायला घालायचं, काहीतरी द्यायचं, आणि मग बघायचं की पुढे चालू ठेवायचं का सोडायचं. तुझ्या ॲपला उद्यापन नाहीये पक्या. ते कधीच म्हणणार नाही की झालं बाबा तुझं, आता जरा बस आणि याने तुला काय दिलं ते बघ. आणि चातुर्मास मुळात थांबायचाच काळ, पावसाळ्यात भिक्षू, साधू फिरणं बंद करून एका गावात राहायचे, जैन मुनी अजूनही राहतात. तू थांबतच नाहीयेस, एक संपलं की दुसरं, आणि त्या सगळ्या गडबडीत तो कशासाठीचा प्रश्न विचारायला तुला मोकळी जागाच मिळत नाही असं मला वाटतं.

गेल्या वर्षी मी पण एक नेम धरला होता, तुला बोललो नव्हतो. रात्री जेवण झालं की बाबांजवळ अर्धा तास बसायचं, फोन आतल्या खोलीत ठेवून. एवढंच. आई गेल्यापासून बाबा बोलायचे कमी झालेत, टीव्हीसमोर बसतात पण बघत नाहीत. सुरुवातीला आम्हा दोघांनाही काही सुचायचं नाही, पाऊस, वीज, भाजीचे भाव, संपलं. आणि माझा हात सारखा खिशाकडे जायचा, खिसा रिकामा आहे हे माहीत असून. मला वाटायचं सवयीने जातोय. पण रोज तेच बघत गेल्यावर माझ्या लक्षात आलं की हात दर वेळी जात नाही, बाबा जरा गप्प होऊन आईच्या खुर्चीकडे बघायला लागले की जातो. म्हणजे मला कंटाळा येत नव्हता, भीती वाटत होती की आता ते आईचा विषय काढतील नी मला काही बोलता येणार नाही. हे मला कुठल्या ॲपने सांगितलं नसतं रे. बसून राहिलो म्हणून दिसलं.

मग भाद्रपदात कधीतरी मीच विषय काढला. आणि बाबा बोलायला लागले ते किती बोलले काय सांगू, एसटीतली सगळी नोकरी, मेढ्यावरून केळघरच्या घाटाने महाबळेश्वरची गाडी न्यायचे ते, धुक्यात पुढचं काही दिसायचं नाही तेव्हा कंडक्टर खाली उतरून पुढे चालायचा ते, आणि आई म्हणे गाडी डेपोत यायची वेळ टळून गेली की दाराशी येऊन उभी राहायची, हे मला माहीतच नव्हतं, एवढी वर्षं त्याच घरात राहून. कार्तिकी झाली, उद्यापन म्हणून बाबांच्या दोन जुन्या सोबत्यांना जेवायला बोलावलं, पुरणपोळी केली. नेम संपला पण बसणं चालू आहे, आता कुणाला आठवण करून द्यावी लागत नाही.

आता तुझं. तू म्हणतोस उद्देश सापडत नाही. मला वाटतं तो डोळे मिटून विचार करून सापडायचा नाही. वेंडी वुड म्हणून सवयींचा अभ्यास करणाऱ्या एक बाई आहेत अमेरिकेत, त्यांनी कॉलेजच्या मुलांना दर तासाला वाजणारं घड्याळ दिलं, वाजलं की लिहायचं आत्ता काय करतोय नी मनात काय चाललंय. २००२ मध्ये ते छापलं गेलं, त्यात असं दिसलं की रोजच्या साधारण ४३ टक्के गोष्टी आपण सवयीने, मन दुसरीकडेच असताना करतो. हे वाचून मी कामाच्या एका दिवशी मोबाईलवर तासातासाचे अलार्म लावले, खिशात छोटी वही. संध्याकाळी वाचलं तर गाडी लावताना मन ऑडिटमध्ये, डबा खाताना मन एका थकीत कर्जात, घरी परत येताना मन सकाळच्या भांडणात. एकाच ठिकाणी हात नी मन बरोबर होते. आमच्या पतसंस्थेत वडूजकडच्या एक आजी आल्या होत्या, त्यांना पासबुकातलं व्याज कसं धरलंय ते समजत नव्हतं, मी कागदावर मांडून दाखवत होतो तेव्हाच अलार्म वाजला. मी लिहिलंय, व्याज समजावतोय, मनात पण व्याजच, आजींना कळतंय बहुतेक.

ती ओळ मी परत परत वाचली. इतकी वर्षं नोकरी म्हणजे हप्ते फेडायचं साधन एवढंच धरून चाललो होतो, आणि तिथे त्या काउंटरवर काहीतरी असं होतं जे मी पगाराशिवायही केलं असतं. आता मी आठवड्यातून एक वेळ ठरवून घेतलीय, ज्यांना हिशोब कळत नाही त्यांच्यासाठी, साहेबांनी पण हो म्हणलं. मोठं काही नाही. पण त्या दिवशी कशासाठी उठलो हे मला माहीत असतं.

तुझ्या वहीत काय निघेल ते मला सांगता येणार नाही, तुझं काम वेगळं नी तू वेगळा. कदाचित ऑफिसातलं काहीच निघणार नाही, पोरीला गणित शिकवताना निघेल, किंवा तबल्याचं काही, तो आहे का अजून का दिलास कुणाला? शाळेत गॅदरिंगला तू वाजवायचास तेव्हा हाक मारली तरी ऐकू जायचं नाही तुला. मी मुद्दाम आठवण करून देतोय.

तर असं कर. या रविवारी नको, कामाच्या दिवशी कर, सुट्टीच्या दिवशी खरं चित्र येत नाही. अलार्म लाव, वहीत लिही, दोन ओळी पुरे, चांगलं लिहायचं नाही, खरं लिहायचं. आणि ते चॅलेंज तेवढं बंद कर काही दिवस, पाचला उठायचं पण बंद कर, झोप नीट होत नाहीये तुझी, आवाजावरून कळत होतं मला. आषाढी जवळ आलीय. त्याआधी एकच नेम निवड, लहान, तुझा तू, कुणाला दाखवायला नाही. मला पण सांगितलं नाहीस तरी चालेल.

बाबा तुझी आठवण काढतात, पक्या बारीक झालाय का विचारत होते, फोटो बघितला असेल कुठेतरी. वहिनींना नमस्कार सांग, पोरीला सातारची कंदी पेढ्यांची पेटी पाठवतोय, येणाऱ्या कुणाच्या तरी हाती. आणि कांदेनवमीला जमतंय का बघ, एक दिवसाची रजा टाक, शिवशाहीने ये नाहीतर गाडीने, पण ये. मी यंदा चार महिने कांदा सोडायचं म्हणतोय, त्याआधी भजी तुझ्यासोबतच खायची आहेत. येताना वही आण.

तुझा,
मन्या