थरांच्या काचेत दिवा नको

संपादक महोदय, स. न.

दिवाळीच्या सजावटीवरील आपल्या पुरवणीतल्या लेखात जुन्या रंगीत काचेच्या बाउलमध्ये पाणी भरून तरंगत्या मेणबत्त्या सोडण्याची युक्ती दिली आहे. सोबतच्या छायाचित्रातला बाउल इटलीतल्या मुरानोच्या ‘सोम्मेर्सो’ घडणीचा दिसतो. नेमक्या अशाच बाउलला ही युक्ती मानवत नाही.

आगीच्या भीतीने १२९१ मध्ये व्हेनिसच्या काचभट्ट्या मुरानो बेटावर हलवण्यात आल्या. सोम्मेर्सो मात्र अलीकडची. १९३०च्या दशकात कार्लो स्कार्पा यांनी व्हेनिनी कारखान्यात ती घडवली आणि १९५०च्या दशकात फ्लाविओ पोली यांनी ती लोकप्रिय केली. कारागीर फुंकनळीच्या टोकावर एका रंगाचा तापलेला गोळा घेतो, फुंकर मारून तो पोकळ करतो आणि मग दुसऱ्या रंगाच्या वितळलेल्या काचेत बुडवतो. वरून बहुधा रंगहीन काचेचा थर येतो. आत निळा आणि बाहेर पिवळा थर असेल तर बाजूने बाउल हिरवा दिसतो, पण वरून कापलेल्या कडेकडे पाहिले की दोन्ही रंग अलग, रेघ मारल्यासारखे. मधल्या काचेला जाडी असल्याशिवाय हे दिसत नाही. सारी शोभा त्या जाडीत आहे, आणि धोकाही तिथेच.

काच उष्णता फार हळू वाहून नेते. ज्योत तरंगत कडेला टेकली की तेवढीच जागा तापून फुगते, शेजारची थंडच राहते, आणि त्या ओढाताणीत चीर जाते. जाड पेल्यात उकळता चहा ओतल्यावर तो तडकतो, त्याचे कारण हेच. इथे भर पडते ती दोन रंगांच्या काचेची. तापल्यावर दोन्ही सारख्याच प्रमाणात प्रसरण पावल्या नाहीत, किंवा घडल्यानंतर भांडे ५०० अंश सेल्सिअसच्या आसपास धरून पुरेसे सावकाश निववले नाही, तर ताण आतच राहतो. असा बाउल पन्नास वर्षे कपाटात शाबूत राहील आणि एका मेणबत्तीने जाईल.

नुसते पाणी आणि झेंडूच्या पाकळ्या चालतील, पण एका संध्याकाळपुरत्या. बोअरचे जड पाणी चार दिवस ठेवले तर पांढरी रेघ उमटते. एक भाग पांढरे व्हिनेगर आणि तीन भाग पाणी अर्धा तास ठेवले की ती बहुतेक सुटते. (वर सोन्याचा वर्ख असेल तर हेही नको.) महिनोन्‌महिने ओल राहिली तर मात्र काचेतला क्षारच बाहेर येऊन पृष्ठभाग धुरकट होतो. तो धुऊन जात नाही. धुताना पाणी कोमट, तळाशी जुना टॉवेल, हातातली अंगठी काढलेली. घासणी आणि पावडर वर्ज्य, डिशवॉशर तर नाहीच.

विकत घेणाऱ्यांनी बूड आधी पाहावे. फुंकलेले भांडे कड घडवण्यासाठी लोखंडी सळईवर धरतात; सळई तोडल्याची खूण बुडाला राहते किंवा घासून गुळगुळीत केलेली असते. बाजूने साच्याची उभी शीर गेली असेल तर तो दाबून घडवलेला माल समजावा. खऱ्या वापराचे ओरखडे बारीक आणि वेडेवाकडे असतात, पॉलिशपेपरने आणलेले एकाच दिशेचे. टवका उडालेल्या जागी आतली काच रंगहीन आणि रंग फक्त वरच्या सालीपुरता असेल तर तो रंग लावलेला आहे. चिकटवलेल्या लेबलवर विसंबू नये. ‘वेत्रो आर्तिस्तिको मुरानो’ या चिन्हामागचा वेनेतो प्रांताचा कायदाच १९९४ चा, तेव्हा ते चिन्ह लावून पन्नासच्या दशकातला म्हणून खपवलेला बाउल तिथेच उघडा पडतो. चोरबाजारात जांभळट बाउल मिळाला तर तो ट्यूबलाइटखाली आणि उन्हातही धरून पाहावा. निओडिमियम घातलेली काच ट्यूबलाइटखाली निळसर दिसते, उन्हात जांभळी. हा प्रकार एकदा पाहिलाच पाहिजे!

कडेचा छोटा टवका चाकावर घासून ‘सारखा’ करून देणारे भेटतात. नाही म्हणावे. घासताना कड तापते, आतला ताण सुटून बाउल दुभंगू शकतो. वाचला तरी मूळ घाट जातो.

दिवाळी तोंडावर आहे, म्हणून मेणबत्तीपुरती दुरुस्ती तरी येत्या पुरवणीत छापावी, ही विनंती.

— जुन्या काचवस्तू जमवणारे काही वाचक, पुणे